कुंपणाचे आडवे: खान्देशच्या उन्हात आणि काळ्या मातीत टिकतील असे

तापीकाठच्या एका मळ्यात घरासमोर आम्ही ऐन हिवाळ्यात चाळीस मीटर लोखंडी कुंपण उभं केलं होतं. आडवे पाइप या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जोडत नेले आणि प्रत्येक खांबाला चारही बाजूंनी पक्कं वेल्डिंग केलं. जितकं जखडू तितकं मजबूत, असं तेव्हा मला मनापासून वाटायचं. मे महिन्यात मालकांचा फोन आला, "भाऊ, एकदा येऊन बघून जा." जाऊन पाहिलं तर वरचा आडवा मधल्या दोन गाळ्यांत (गाळा म्हणजे दोन खांबांमधला भाग) धनुष्यासारखा बाहेर आलेला. पावसाळा झाल्यावर परत गेलो तेव्हा तीन खांब कललेले होते आणि दोन ठिकाणी वेल्ड खांबाच्या अंगाला तडकला होता.

कारण साधं होतं. एक मीटर लोखंड एक अंश तापलं की साधारण ०.०१२ मिलिमीटर वाढतं. ऐकायला काहीच वाटत नाही. पण डिसेंबरच्या सकाळी बसवलेला पाइप मे महिन्याच्या उन्हात सहज ४० अंशांनी जास्त तापतो. चाळीस मीटरला ही वाढ १९ मिलिमीटर होते. दोन्ही टोकं खांबांनी धरलेली असली की हे जवळजवळ दोन सेंटिमीटर बाहेर फुगल्याशिवाय राहत नाहीत. त्यात आपली काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, पावसात ती फुगते. खांब जागचा हलतोच.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून ठेवली आहे आणि नव्याने काम सुरू करणाऱ्या प्रत्येकाला तीच सांगतो: आडवा खांबाला वेल्ड करायचा नाही. तो खांबावर टेकला पाहिजे, बोल्टने धरलेला पाहिजे आणि त्याला थोडं सरकता आलं पाहिजे. खालचं सगळं काम याच हिशोबाने मांडलं आहे.

वर्कशॉपात आपण उभ्या पट्ट्यांना नुसतं 'उभे' आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या लांब पट्ट्यांना 'आडवे' म्हणतो. इथेही तेच शब्द वापरतो.

आडवा कोणत्या मालाचा घ्यायचा

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ४० × २० मिलिमीटरचा चौदा गेज (साधारण २ मिलिमीटर जाड) पाइप घेऊन त्याच्या तोंडावर उभे वेल्ड करणे. सुरुवातीची दोन-चार कामं अशीच करा, त्यात कमीपणा नाही. फक्त पाइप कसा धरता तिकडे लक्ष द्या. कुंपणाला धक्का बाजूने बसतो, कोणी रेलतं, म्हैस अंग घासते. म्हणून ४० ची बाजू आडवी आणि २० ची उभी ठेवायची. त्याच पाइपचा, त्याच वजनाचा ताठपणा बाजूच्या धक्क्याला तिप्पट होतो. बहुतेक ठिकाणी मी उलटं धरलेलं बघतो, कारण ४० च्या तोंडावर वेल्डिंग करायला सोपं जातं.

मला स्वतःला आवडतो तो दुसरा प्रकार. २ मिलिमीटर पत्र्याचा चॅनेल वाकवायचा, ४० रुंद आणि दोन्ही कडा २५ च्या, तोंड खाली. पाठीवर चौकोनी भोकं पाडून त्यातून उभे आरपार काढायचे. उभ्याचं वेल्डिंग चॅनेलच्या पोटात, खालच्या बाजूने होतं, त्यामुळे समोरून एकही टाका दिसत नाही. तोंड खाली असल्यामुळे पावसाचं पाणी आत साचत नाही. पाइपच्या आत मात्र पाणी शिरतं आणि तो आतून कुजतो. पाइपच वापरणार असाल तर टोकं झाकणाने बंद करा आणि खालच्या अंगाला दोन्ही टोकांशी ६ मिलिमीटरचं एकेक भोक ठेवा.

नवीन मुलं विचारतात की भोकं पाडल्यावर चॅनेल कमकुवत नाही का होत. बाजूच्या धक्क्याला काम करतात त्या दोन कडा, कारण त्या एकमेकींपासून लांब आहेत. पाठीचा मधला भाग त्यात फारसं काही करत नाही आणि भोकं तिथेच आहेत. वरून कोणी उभं राहिलं तर? तेव्हा दोन आडवे आणि सोळा उभे मिळून एक चौकट म्हणून भार घेतात.

जागेवरचं माप आणि गाळ्याचा हिशोब

आधी साइटवर जा. दोरी ताणा. कोपरा काटकोनात आहे का ते ३-४-५ ने बघा: एका बाजूला ३ मीटर, दुसऱ्या बाजूला ४, आणि मधला कर्ण बरोबर ५. आपल्याकडच्या जुन्या प्लॉटचे कोपरे क्वचितच काटकोनात असतात, पण किती चुकलेत ते पॅनल बनवायच्या आधी कळलेलं बरं.

खांबाच्या मध्यापासून पुढच्या खांबाच्या मध्यापर्यंत मी २ मीटर धरतो. याची दोन कारणं. अंतर वाढलं की झोळ घनाच्या प्रमाणात वाढतो. २ चं अडीच मीटर केलं तर झोळ जवळजवळ दुप्पट. दुसरं, पाइप ६ मीटरचा येतो, त्याचे तीन तुकडे होतात आणि भंगार उरत नाही.

खांब ५० × ५० चा. म्हणजे दोन खांबांमध्ये मोकळी जागा १९५० राहते. आडवा कापायचा १९४०, दोन्ही बाजूंना ५-५ मोकळे. एवढा आडवा ५० अंशांनी तापला तरी सव्वा मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. बाकीची जागा खांब हलण्यासाठी आणि आपल्या हाताच्या चुकीसाठी आहे.

आता उभे. लहान मुलाचं डोकं अडकू नये म्हणून दोन उभ्यांमधली फट १०० मिलिमीटरच्या आत ठेवायची. पाऊण इंची, म्हणजे १९ × १९ चा सोळा गेज पाइप घेतला तर १९४० च्या आडव्यात सोळा उभे बसतात. मध्यापासून मध्यापर्यंत ११६ घ्या. पंधरा अंतरं झाली, १७४० भरले, दोन्ही टोकांना १००-१०० उरले. उभ्यांमधली फट ९७ येते आणि शेवटचा उभा ते खांब ९५.५. डोळ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. कुंपण नीटनेटकं दिसण्याचं सगळं गमक या शेवटच्या फटीत आहे.

बाजू २ मीटरच्या पटीत नसतेच. समजा २७.४ मीटर आहे. तेरा पूर्ण गाळे आणि शेवटी १.४ मीटरचा तुकडा असं करू नका, तो जन्मभर डोळ्यात खुपतो. चौदा समान गाळे करा, १९५७ चे. आडवा झाला १८९७. अंतर ११६ ऐवजी ११३ घ्या, टोकांना १०१ उरतात, मधली फट ९४ आणि खांबाजवळची ९६.५. असा हिशोब कागदावर प्रत्येक बाजूचा वेगळा मांडायचा आणि मगच माल आणायला जायचं.

पत्रा कापणे, पंच मारणे, वाकवणे

क्रम कायम हाच ठेवा: कापा, पंच मारा (ठोकून भोक पाडा), धार (कडेला राहिलेले काटे) काढा, मग वाकवा. आधी वाकवलेल्या चॅनेलमध्ये डाय (पंचाखालचा साचा) शिरत नाही आणि ड्रिलने चौकोनी भोक होत नाही.

४० + २५ + २५ म्हणजे ९० रुंदीची पट्टी कापावी, असं नवख्याला वाटतं. वाकवताना पत्रा बाहेरच्या अंगाला ताणला जातो, त्यामुळे पट्टी त्यापेक्षा कमी लागते. २ मिलिमीटर पत्र्याला प्रत्येक वाकासाठी साधारण साडेतीन मिलिमीटर कमी करायचे. दोन वाक आहेत, म्हणजे पट्टी ८३ ची. हा आकडा तुमच्या डायवर, पत्र्याच्या कडकपणावर थोडा इकडेतिकडे होतो. म्हणून ८३ रुंद आणि ३०० लांब असा एक तुकडा आधी वाकवून बघा आणि व्हर्नियरने तिन्ही बाजू मोजा. पाठ ४० आली, पण एक कड २५ आणि दुसरी २६ झाली, तर पट्टी एक मिलिमीटर जास्त आहे: ८२ ची कापा. पाठच ४१ आली तर मागचा स्टॉप सरकलेला आहे, पट्टी नाही. हा एक तुकडा मोजायला पाच मिनिटं लागतात. मी एकदा घाईत तो सोडला आणि तीस आडवे खांबावरच्या जिभेवर (आडवा जिच्यावर टेकतो ती खांबाची पट्टी, पुढे येईल) बसेनात.

१२५० रुंदीच्या पत्र्यातून ८३ च्या पंधरा पट्ट्या निघतात. २५०० लांबीचा पत्रा घेतला तर प्रत्येक पट्टीला ५६० वाया जातात, ते खटकतं. व्यापारी कॉइलमधून हवी ती लांबी कापून देत असेल तर १९४० चाच पत्रा मागा.

आता भोकांची खूण. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. एका भोकापासून पुढचं ११६ मोजायचं, त्यापासून पुढचं ११६, असं कधीही करू नका. प्रत्येक वेळी अर्धा मिलिमीटर चुकला तरी सोळाव्या भोकाला सात-आठ मिलिमीटरचा फरक पडतो. टेप एकाच टोकाला अडकवा आणि तिथूनच सगळी मापं घ्या: १००, २१६, ३३२, ४४८, असं शेवटी १८४० पर्यंत. शेवटच्या खुणेपासून दुसरं टोक पुन्हा १०० आलं की हिशोब बरोबर. रुंदीला मधली रेघ ४१.५ वर. पहिली पट्टी अशी काळजीने झाली की तिलाच मास्टर करा आणि बाकीच्या तिच्यावर ठेवून आखा. प्रेसवर स्टॉप लावता येत असेल तर त्याहून चांगलं.

भोक २० × २० चं. १९ चा पाइप त्यातून अडखळत जायला नको, पण खुळखुळायलाही नको. पंचाला जोर किती लागेल ते सहज काढता येतं: भोकाचा परीघ ८० मिलिमीटर, पत्रा २, आणि साध्या लोखंडाला दर चौरस मिलिमीटरला साधारण ३५० न्यूटन. म्हणजे ५६,००० न्यूटन, पावणेसहा टनांच्या आसपास. दहा टनांचा प्रेस निवांत करतो. पंच आणि डाय यांच्यात प्रत्येक बाजूला ०.१ ते ०.१५ मिलिमीटर मोकळीक हवी. धार जाड येऊ लागली, भोकाच्या कडेला काटे दिसू लागले, की पंच बोथट झालाय. धार लावून घ्या.

पॉवर प्रेसवर दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय रॅम खाली येणार नाही अशीच जोडणी ठेवा. पायाने चालणारा प्रेस आणि हाताने सरकवलेली पट्टी या जोडीने बोटं गेलेली माणसं मी पाहिली आहेत. कितीही घाई असली तरी गार्ड काढायचा नाही, आणि शिकाऊ मुलाला तर गार्डशिवाय प्रेसजवळ उभंही करायचं नाही.

स्वतःकडे प्रेस किंवा ब्रेक (पत्रा वाकवायचं मशीन) नसेल तर जळगावच्या किंवा धुळ्याच्या एमआयडीसीत जॉबवर काम करणाऱ्यांकडे चौकशी करा. लेझरवर भोकं पाडून घेतली तर खूण करायचीही गरज नाही, फक्त रेखाचित्रात मापं टोकापासून द्या. वाकवायला २ मिलिमीटर पत्र्याला १६ मिलिमीटर तोंडाच्या व्ही डायवर मीटरला साधारण १७ टन लागतात. आपल्या आडव्याला ३३-३४. पंच मारल्यावर जी धार येते ती बाजू आत राहील असं वाकवा, म्हणजे पुढे कोणाचा हात कापणार नाही.

जोडणी: पॅनल आणि जीभ

प्रत्येक पॅनलचे दोन आडवे जोडीने आखलेले असावेत. जोडीवर खडूने नंबर घाला. उभे ११९० चे कापा, ६ मीटरमधून पाच निघतात. वरच्या आणि खालच्या आडव्याच्या पाठींमधलं अंतर ८९० ठेवा, वर आणि खाली १५०-१५० राहतात. दोन आडवे एकमेकांपासून लांब असले की मुलांना शिडीसारखं चढता येत नाही. उंची पाच फुटांच्या वर गेली तरच तिसरा आडवा घाला.

जमिनीवर बसून पॅनल जोडू नका. घोड्यांवर दोन लांब अँगल समांतर बांधून साचा करा आणि त्यावर ८९० चे स्टॉप लावा. आधी पहिला आणि सोळावा उभा घालून टाके मारा आणि दोन्ही कर्ण मोजा. १९४० आणि ८९० चा कर्ण २१३४ येतो. दोन्हींत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर आताच ठोकून सरळ करा. मग आठवा, मग चौथा आणि बारावा, मग बाकीचे. एका टोकापासून सलग वेल्ड करत गेलात तर आडवा वेल्डच्या बाजूला ओढला जाऊन केळ्यासारखा वाकतो. प्रत्येक उभ्याला समोरासमोर ८-१० मिलिमीटरचे दोन छोटे वेल्ड पुरतात. २.५ मिलिमीटरचा ६०१३ वेल्डिंग रॉड, करंट ६०-७० अँपियर. सोळा गेजचा पाइप आहे, त्याहून वर गेलात की जळून भोक पडतं.

आता ज्या गोष्टीसाठी एवढा खटाटोप केला ती. ३२ × ५ ची पट्टी घ्या, ६० मिलिमीटरचे तुकडे करा. प्रत्येकात ९ रुंद आणि २० लांब असा स्लॉट, मध्य खांबाकडच्या टोकापासून ३० वर. हा तुकडा खांबाला आडवा, जिभेसारखा बाहेर काढून वर-खाली दोन्हीकडून वेल्ड करा. चॅनेलच्या पोटात ३६ ची जागा आहे. आडवा या जिभेवर टोपीसारखा बसतो. आडव्याच्या पाठीवर टोकापासून २५ वर ९ चं भोक, वरून ८ चा बोल्ट, खालून नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप न सुटणारा). नट पूर्ण आवळा आणि मग पाव फेरा सैल करा. आडवा हाताने हलत नाही, पण ऊन त्याला हलवू शकतं. चोरीची भीती असेल तर बोल्टच्या टोकाला सेंटर पंचचे दोन ठोके द्या. नट खालून, चॅनेलच्या आत असल्यामुळे तसाही कोणाच्या नजरेला पडत नाही.

उभे सागाचे किंवा बांबूचे हवे असतील तर चॅनेल तोच, पण भोकांऐवजी आडव्याच्या बाहेरच्या कडेला बोल्टने धरा. लाकूड पावसात फुगतं, म्हणून फळीतलं भोक बोल्टपेक्षा एक-दोन मिलिमीटर मोठं ठेवा आणि खाली मोठा वॉशर घाला.

सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-चोपड्याकडे उताराच्या जागा येतात. २ मीटरला २८ सेंटिमीटरपर्यंत चढ असेल तर याच २० च्या भोकात उभा तिरका बसतो. पॅनल सरळ साच्यात न जोडता साइटच्या उतारावर टाके मारून घ्या, उभे ओळंब्यात. त्याहून जास्त चढ असेल तर पायऱ्यापायऱ्यांनी पॅनल लावा.

रंग

चॅनेलचं पोट रंगवायला सगळे विसरतात, आणि गंज तिथूनच येतो. वेल्डचा स्लॅग चिपिंग हॅमरने काढा, वायर ब्रश मारा, तेलकटपणा थिनरने पुसा आणि त्याच दिवशी प्रायमर द्या. पॅनल उलटं करून आधी पोट, मग पाठ. एक हात प्रायमर, दोन हात इनॅमल. एप्रिल-मेमध्ये दुपारी बाहेर रंगवू नका. तापलेल्या लोखंडावर रंग फोड धरतो. सकाळी नऊच्या आत किंवा शेडमध्ये काम करा.

गरम गॅल्व्हनायझिंग करणार असाल तर सगळं वेल्डिंग आधी पूर्ण करा. जस्ताची टाकी ४५० अंशांच्या आसपास असते. बंद पाइपमध्ये अडकलेल्या हवेची आणि ओलीची वाफ होऊन पाइप फुटतो. प्रत्येक उभ्याला आणि खांबाला दोन्ही टोकांशी भोक हवंच. आधीच जस्त चढवलेल्या मालावर वेल्डिंग करावं लागलं तर त्या जागेचं जस्त घासून काढा आणि उघड्या हवेत काम करा. त्या पांढऱ्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो.

खांब आणि बसवणी

खड्डे दिवाळीनंतर खणा. माती तेव्हा ना फुगलेली असते ना भेगाळलेली. काळ्या मातीत अडीच फूट खोल, फूटभर रुंद, आणि तळाशी थोडा जास्त रुंद. तळ रुंद असला की फुगणारी माती खांब वर ढकलू शकत नाही. तळाला चार-सहा इंच मुरूम ठोकून घाला, मग १:२:४ काँक्रीट. वरचं तोंड खांबापासून बाहेर उतरतं करा. मुरमाड जागेत दोन फूट पुरतात. खांब १९९५ चा कापला तर जमिनीवर जवळजवळ उभ्यांइतकाच राहतो.

कोपऱ्याचे दोन खांब आधी, त्यांवर दोरी, मग मधले. जिभांची पातळी पाण्याच्या नळीने बघा. एक पॅनल हातात घेऊन दोन खांबांमध्ये बसतंय का ते काँक्रीट ओलं असतानाच तपासा. सात दिवस पाणी मारा, त्याआधी पॅनल चढवू नका.

एका गाळ्याचं वजन खांबासह २८ किलोच्या आसपास येतं: आडवे ५, उभे साडेसोळा, खांब ६. ग्राहकाला दर सांगताना हाच हिशोब कागदावर लिहून द्या.

पहिला पावसाळा गेला की एकदा जाऊन या. प्रत्येक बोल्ट स्लॉटमध्ये कुठे आलाय ते बघा. एखाद्या खांबाजवळ बोल्ट स्लॉटच्या टोकाला टेकलेला दिसला तर तो खांब सरकतोय. त्याच्या बुडाशी पाणी कुठून येतं ते शोधा, मुरूम टाकून ते वळवा, आणि नट सैल करून आडवा पुन्हा मध्यावर घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे, त्याचे पैसे मी घेत नाही.